भिंतीला गहू आला

राजाभाऊ आठल्ये यांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत सिमेंट ओतलं. पूल, गोदामं, क्वार्टर्स आणि एक विश्रामगृह, जिथे आजवर कुणी विश्राम केला नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, की सिमेंट हा पृथ्वीवरचा अन्याय आहे. आपण मातीचं घर बांधायचं.

शशिकलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे तुम्हाला काल कळलं?"

"अगं, कळायला वेळ लागतो."

"हो. चौतीस वर्षं आणि एक दिवस."

पण त्यांनी विरोध केला नाही. लग्नानंतर अकरा बदल्या झाल्या होत्या, अकरा क्वार्टर्स झाली होती. प्रत्येक अंगणात आधीच्या बाईची तुळस, आणि आपण लावलेला कढीपत्ता पुढच्या बाईला. आता त्यांना फक्त मुक्काम हवा होता. घर मातीचं असो नाहीतर बिस्किटांचं. सेक्टर सातमधलं क्वार्टर जानेवारीअखेर सोडायचं होतं. तोवर घर उभं राहिलं नाही, तर मोहालीला लेकीकडे, अकराव्या मजल्यावर. ऋचा गुणी, जावईही गुणी. पण तिथे त्या पाहुण्या असणार होत्या, आणि पाहुणपण त्यांनी जन्मभर पुरेसं केलं होतं.

प्लॉट खरड गावाच्या पलीकडे, गव्हाच्या शेताला लागून होता. ज्या शहरात काँक्रीट बघायला साता समुद्रापलीकडून माणसं येतात आणि कॅपिटल कॉम्प्लेक्ससमोर माना डोलावतात, त्या शहरातून राजाभाऊ रोज मातीकडे निघू लागले.

नकाशा चांगला होता, हे कबूल करायला हवं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी. थंडीचं ऊन आत यावं म्हणून दक्षिणेला मोठ्या खिडक्या. उन्हाळ्यात भाजून निघू नये म्हणून पश्चिमेला नुसती जाड भिंत. वर बांबू आणि ओढ्याकाठच्या उंच गवताचं छप्पर. मग राजाभाऊंनी फाइल उघडली. राजाभाऊंनी प्रस्ताव लिहिला. राजाभाऊंनी तो तपासला, दोन त्रुटी काढल्या आणि खुलाशासाठी राजाभाऊंकडे परत पाठवला. यात तीन आठवडे गेले.

गावातला गवंडी करनैलसिंग सत्तरीचा होता. मातीची घरं बांधणारा त्या भागातला तो शेवटचा. राजाभाऊंनी बाटलीत माती आणि पाणी घालून हलवलं, गाळ बसू दिला आणि थर पट्टीनं मोजले. चौथ्या दिवशी निष्कर्ष निघाला, की माती योग्य आहे. करनैलसिंगनं चिमूटभर माती दाताखाली धरली, थुंकली आणि तेच सांगितलं. त्याला अर्धं मिनिट लागलं.

मतभेद मुहूर्तावरून झाला. राजाभाऊ लांज्याचे. कोकणात दिवाळी उरकली, की बांधकाम काढतात. पाऊस गेलेला असतो, मे महिन्यापर्यंत सगळं कोरडं.

"साब जी, अब नहीं," करनैलसिंग म्हणाला. "बैसाखी के बाद. ठंड में मिट्टी नहीं सूखती."

"हमारे यहाँ दिवाली के बाद ही घर बनता है."

"आपके यहाँ कोहरा पड़ता है?"

हा प्रश्न फाइलमध्ये नोंदवला गेला नाही.

नोव्हेंबरात ऊन होतं. स्वयंपाकघर झालं, वाळलं, त्यावर छप्परही चढलं. राजाभाऊ ओळंबा सोडून प्रत्येक भिंत सरळ आहे का ते तपासत. बोटभर फरक दिसला, की लाल खडूनं फुली. मोठ्या खोलीची भिंत दोनदा पाडली.

"साब जी, मिट्टी है, शीशा थोड़े ही है," करनैलसिंग म्हणायचा आणि पुन्हा चिखल तुडवायला लागायचा. चिखलात गव्हाचा भुसा मिसळलेला. भिंतीला चिरा पडू नयेत म्हणून तो घालतात.

तिसऱ्यांदा भिंत उभी राहिली तेव्हा डिसेंबर उजाडला होता. उजाडला हे म्हणायचं. धुकं असं उतरलं, की आठ-आठ दिवस सूर्य रजेवर. भिंतीवर तळवा टेकला, की ओला व्हायचा. राजाभाऊ म्हणाले, "निरीक्षणाखाली ठेवू." त्यांनी निरीक्षण केलं. जानेवारीच्या मध्यावर भिंत हिरवी झाली.

आधी त्यांना वाटलं, शेवाळं. जवळ जाऊन पाहिलं तर कोंब. भुशात दाणे राहून गेले होते. ओल, थंडी, उत्तम माती. गव्हाला आणखी काय लागतं? आठ-दहा दिवसांत पीक वीतभर झालं. शेजारच्या शेतापेक्षा दाट होतं. शेजारचा शेतकरी मुद्दाम येऊन पाहून गेला आणि त्यानं खत कुठलं ते विचारलं.

ऋचानं व्हिडिओ कॉलवर भिंत पाहिली. "बाबा, ये तो सुपर ऑर्गॅनिक है यार!"

राजाभाऊंनी फोन शशिकलाबाईंच्या हातात दिला.

करनैलसिंगला यात काही विशेष वाटलं नाही. "काट दो. अंदर आग रखो, खिड़की खुली. सूख जाएगी. बैसाखी में ऊपर से एक हाथ मार देंगे."

"नहीं," राजाभाऊ म्हणाले. "फेल मतलब फेल. सब गिराना है. अप्रैल में नए सिरे से शुरू." मग बायकोकडे वळून, जरा हळू, "तोवर ऋचाकडे. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

एका वर्षाचा प्रश्न. हे वाक्य शशिकलाबाईंनी झाशीत ऐकलं होतं, जोरहाटला ऐकलं होतं, भूजमध्ये ऐकलं होतं. भूजमधला एका वर्षाचा प्रश्न पाच वर्षं चालला. त्या घरी जाऊन सामान बांधायला लागल्या. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तीस तारखेला ट्रक भरला. राजाभाऊ पहाटेच साइटवर गेले होते, पाडकामाच्या खुणा करायला. शशिकलाबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या. मोहालीचं वळण आलं. ड्रायव्हरनं इंडिकेटर लावला.

"सीधा," शशिकलाबाई म्हणाल्या.

"आंटी जी, पता तो मोहाली का है."

"पता बदल गया. सीधा चलो."

धुक्यातून ट्रक आला तेव्हा राजाभाऊ खडू घेऊन उभे होते. पलंग उतरला, देव उतरले, पिठाचा डबा उतरला. सगळं स्वयंपाकघरात गेलं. मग शशिकलाबाईंनी कात्री काढली आणि मोठ्या खोलीची भिंत कापायला घेतली. करनैलसिंग न सांगता दोन शेगड्या पेटवून घेऊन आला.

"अगं, काय चाललंय हे? घराला पूर्णत्वाचा दाखला नाही."

"कोण देतं तो?"

"मी."

"मग द्या."

"भिंत ओळंब्यात नाही, शशी."

"तुम्ही तरी कुठे आहात?"

करनैलसिंगला मराठी येत नव्हतं. तरी तो हसला.

राजाभाऊंनी मनातल्या मनात नियम चाळले. कंत्राटदार ऐकत नसेल तर काय करायचं, ते होतं. बायकोबद्दल कलम नव्हतं. भिंत किती झुकली आहे ते निदान दाखवून द्यावं म्हणून ते ओळंबा घेऊन दारात आले.

"बूट बाहेर," शशिकलाबाई भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या.

चौतीस वर्षांत कुठल्याही साइटवर त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. राजाभाऊंनी ओळंबा खाली ठेवला. मग ओल्या उंबऱ्यावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.