शिक्क्याच्या वहीतलं वाक्य

जेवण झाल्यावर कॉटवर आडवा होतो. पंखा फिरतो आहे, आत माझी मुलगी वैजू भांडी लावते आहे. पाच वाजता ती नाटकवाली पोरं पुन्हा येणार. त्यांना निगवेकर मास्तरांच्या जुन्या नाटकातलं एक भाषण हवं आहे, आणि ते आता फक्त मलाच पाठ आहे. दोनदा सांगून झालं, आठवत नाही म्हणून. ब्याऐंशीव्या वर्षी एवढं खोटं खपून जातं. आज तिसऱ्यांदा तेच सांगायचं असं ठरवून डोळे मिटतो.

भांड्यांचा आवाज लांब जातो. पायाशी कॉट जराशी दबते.

मास्तर बसले आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मास्तरांना जाऊन साठ वर्षं झाली, आणि माझ्या पावलांना त्या ओल्या धोतराचा गारवा लागतो आहे.

"नदीला पाणी आहे?" मी विचारतो. दुसरं काही सुचतच नाही.

"उतार आहे. चल, लोक बसलेत."

मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. दरबारानं लिहून दिलेला इतिहास शिकवेनात, म्हणून संस्थानातून हद्दपार झाले आणि नदीपलीकडे, इंग्रजांच्या खालसा मुलखात जाऊन राहिले. तिथून नाटकं लिहून पाठवायचे. आम्ही नदी उतरून तालमीला जायचो. गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी नाटकातूनच शिकायचं, असा मास्तरांचा हट्ट. पगडी दीडशे वर्षांपूर्वीची घाला, म्हणायचे, आतलं डोकं आजचं ठेवा. परवानगीसाठी दरबारात जी वही जायची, शिक्का बसून यायची, तिच्यात मऊ वाक्यं असत. खरी वाक्यं कागदावर नसतच. ती नटाला तोंडपाठ, आणि विंगेतून वाक्य पुरवणाऱ्या मला, प्रॉम्प्टरला.

स्वयंपाकघराकडचा पॅसेज चालता चालता विंग होतो. वैजूनं वाळत घातलेल्या साडीपलीकडे रंगमंच आहे. दुष्काळाचा अंक. म्हातारीच्या वेषातला येसाजी पाटणे राजापुढे उभा आहे, तोंड उघडं, वाक्य अडलेलं. त्या प्रयोगात तो असाच अडला होता. पहिल्या रांगेत फौजदार बसलेला पाहून मी त्याला शिक्क्याच्या वहीतलं वाक्य दिलं. 'महाराज, पाऊस देवानं अडवला. तुम्ही तरी काय करणार?' टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दरबारातून शाल आली. मास्तरांनी त्यानंतर एकही अंक पाठवला नाही, मला काही विचारलंही नाही, आणि दोन महिन्यांत गेले.

"अजून अडलाय तो," मास्तर म्हणतात. "तू देईपर्यंत त्याला तोंड मिटता येत नाही."

मी प्रेक्षकांकडे बघतो. सगळे जसेच्या तसे बसले आहेत. बायकांच्या मांडीवर पोरं आहेत आणि त्या पोरांचे केस पांढरे झाले आहेत. कुणी खोकत नाही. रंगमंचाकडे कुणाचंच लक्ष नाही, सगळे विंगेकडे बघताहेत, माझ्याकडे. मास्तरांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते नुसते थांबले आहेत, वर्गात उत्तरासाठी थांबायचे तसे.

"मास्तर, मला भीती वाटते."

"मग भीत भीत सांग, नरहर."

प्रॉम्प्टरनं कुजबुजायचं असतं. मी ओरडतो. येसाजीचं तोंड मिटायला लागतं, आणि मला थांबताच येत नाही.

वैजू खांदा हलवते आहे. खिडकीत ऊन आहे. माझा घसा सोलवटून निघाला आहे. तिच्या हातात जुन्या कॅलेंडरचं पान, मागच्या कोऱ्या बाजूवर घाईघाईनं लिहिलेलं. तुम्ही इतकं स्पष्ट बोलत होतात की लिहून घेतलं, म्हणते. त्या मुलांना हवंय ते हेच का, बघा.

पान वाचतो. 'महाराज, पाऊस देवानं अडवला, धान्य तुम्ही अडवलंत. देवाशी आम्ही भांडू. तुमचं काय करायचं, ते समोर बसलेल्यांनी सांगावं.' एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याखाली आणखी एक ओळ आहे. 'मी घाबरलो, आणि सगळ्या गावाला खोटं शिकवलं.'

"ही शेवटची ओळ कुणाच्या तोंडी आहे, अण्णा?"

बेल वाजते. ती ओळ फाडून काढता येईल, एवढी ती खाली आहे. मी पान वैजूच्या हातात परत देतो.

"माझ्या," मी म्हणतो. "राहू दे तिथेच. दार उघड."