महाविद्यालय सोडण्याचे कारण

सरांनी कपाटावरून ते हाड खाली काढलं तेव्हा त्यावर धूळ होती. त्यांनी ते रुमालाने धरलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे तुमच्या अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले. "पण बघू, कुणी ओळखतंय का."

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. कर्वेनगरमधलं कॉलेज. प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल. ट्रेमधली सशाची आणि कोंबडीची हाडं सगळ्यांनी ओळखली होती. हे मोठं होतं. चपटं, त्रिकोणी. कुणी म्हैस म्हणालं, कुणी घोडा. एक जण डायनासोर म्हणाला आणि सर हसले.

मी मागच्या टेबलाशी होते. वर्गात मी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"खांद्याचं आहे. डावं. गाईचं किंवा बैलाचं. घोड्याचं नाही."

"कशावरून?"

मी पुढे गेले. हाड हातात घेतलं. त्याच्या पाठीवर एक उभी धार असते. गाईबैलांत ती खाली येते आणि टोक काढून थांबते. घोड्यात ते टोक नसतं. मी बोट ठेवून दाखवलं. मला वाटलं, आता सर शाबास म्हणतील.

"कुठे शिकलीस हे?"

"माझे वडील पशुवैद्यकीय दवाखान्यात परिचर आहेत."

"आडनाव काय तुझं?"

सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"आणि आजोबा काय करायचे?"

मी अठरा वर्षांची होते. शिक्षकांनी विचारलं तर खरं सांगायचं, एवढंच मला माहीत होतं.

"गावातली मेलेली जनावरं ओढायचे."

"अच्छा," सर म्हणाले. "म्हणजे घरची विद्या."

वर्ग हसला. सगळा नाही. पण जे हसले नाहीत ते खाली बघत होते, आणि मला दोन्ही सारखंच लागलं. हाड अजून माझ्या हातात होतं. ते कुठे ठेवावं तेच कळेना.

"ठेव ते," सर म्हणाले. "आणि हात धुऊन घे. साबण दोनदा लाव."

बाकी कुणाला त्यांनी हात धुवायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी 'हाडवैद्य' झाले. "ए हाडवैद्य, माझा गुडघा दुखतोय गं." माझ्या जर्नलवर कुणीतरी पेनाने हाड काढलं होतं. चांगलं काढलं होतं. मी ते पान फाडलं. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वाचनालयात बसायचे आणि तास संपला की हडपसरची बस धरायचे. वर्षाच्या शेवटी गुणपत्रक आलं. लेखी विषयांत बरे गुण. प्राणिशास्त्र प्रात्यक्षिकापुढे शब्द होता: गैरहजर.

घरी मी फक्त आईला सांगितलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दवाखान्यात डॉक्टर इंजेक्शन द्यायचे आणि दादा जनावर धरायचे. तीस वर्षं धरलं. बुजलेल्या बैलाच्या कानाशी ते काहीतरी बोलायचे, काय ते मला कधी ऐकू आलं नाही. एका डॉक्टरांनी दवाखान्यातले जुने तक्ते टाकून द्यायला काढले होते. दादांनी ते गुंडाळून घरी आणले, माझ्यासाठी. खांदा, बरगडी, खूर, जबडा. मी त्यांवरच मोठी झाले. "तू धरायचं न्हाई. तू सुई द्यायची," ते म्हणायचे. मला डॉक्टर व्हायचं होतं, जनावरांचीच.

त्या वर्षी दादा माझ्याबरोबर कॉलेजात आले. दाखला काढायला. सर विभागप्रमुख होते, त्यांची सही लागत होती. दादांनी मला बाहेर झेरॉक्स काढायला पाठवलं. मी परत आले तेव्हा ते केबिनमध्ये उभे होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"अहो, नाही झेपत एखाद्याला," सर सांगत होते. "त्यात कमीपणा नाही. कॉमर्सला घाला."

"व्हय साहेब," दादा म्हणाले.

बस्स. एवढंच. दाखल्याची घडी खिशात घालून ते बाहेर आले. स्टॉपवर मी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले. घरी आल्यावर मी म्हणाले, "तुम्ही हो म्हणालात." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जेव."

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. कधीच. मी त्या 'व्हय साहेब'चा राग पाच वर्षं जपला.

मी कॉमर्सला गेले नाही. हडपसरच्या एका कॉलेजात पुन्हा पहिलं वर्ष केलं, मग दुसरं. तिथे प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला पुरेशी मुलं मिळाली नाहीत म्हणून तुकडीच बंद झाली. मग तिसरं कॉलेज, दोन बस बदलून. पशुवैद्यकाची इथली प्रवेशपरीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. तिसऱ्या वर्षाला असताना दादा आजारी पडले. यकृत. मी त्यांच्या खाटेशी बसून वाचायचे. त्यांचे हात इतके हलके झाले होते की या हातांनी बैल धरला असेल असं वाटू नये. एकदा दुपारी त्यांनी विचारलं, "काय वाचती?" मी म्हणाले, "पोटाचे चार कप्पे." ते म्हणाले, "सांग." मी सांगत गेले, ते डोळे मिटून ऐकत राहिले. तेव्हा विचारता आलं असतं. विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा ते नव्हते. पहिला वर्ग होता, विशेष प्रावीण्यासह.

परदेशात एका विद्यापीठात पदवीनंतर चार वर्षांचा पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश मिळाला तर आमच्यासाठी असलेल्या सरकारी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. मी माहितीपत्रक पाच-सहा वेळा वाचलं. त्यात एक अट होती. जिथे जिथे शिकलात तिथली सगळी गुणपत्रकं द्या. अर्धवट सोडलेलं शिक्षणसुद्धा. सीलबंद पाकिटात.

नारायण पेठेत एक सल्लागार हे अर्ज भरून देतात. पहिला मजला, दारात चपला काढायच्या. त्यांनी माझी तिन्ही कॉलेजांची गुणपत्रकं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली.

"बारा गावचं पाणी प्यायलायत की तुम्ही," ते म्हणाले.

"तीन," मी म्हणाले.

"हे बघा. तुम्ही पहिलं वर्ष पुन्हा केलंत, छान. पण नवीन गुणांनी जुने पुसले जात नाहीत. ते लोक सगळ्याची मिळून सरासरी काढतात. गैरहजर म्हणजे शून्य. ते शून्य तुमचं पुढचं सगळं खाली ओढतंय. वर तीन कॉलेजं. त्यांना वाटतं, मुलगी टिकत नाही."

"मग ते वर्ष दाखवलंच नाही तर?"

हे मी विचारलं. ते लिहिते आहे, कारण तेही खरं आहे.

"सापडलं तर प्रवेश रद्द होतो. त्यापेक्षा खुलासा जोडू. आजारपण."

"कुणाचं?"

"तुमचंच. तेच सोपं जातं." त्यांनी मजकूर तयारच केला. त्या वर्षी मी आजारी होते, माझ्यात पुरेशी परिपक्वता नव्हती, त्याचा मला खेद आहे. "पहिल्या कॉलेजचं पाकीट घेऊन या. मग सही करू."

मी "बरं" म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आणि मला जायचं होतं.

कर्वेनगरच्या कॉलेजच्या कार्यालयात खिडकीशी एक वयस्क बाई होत्या. त्यांनी रजिस्टरमध्ये नाव शोधलं.

"तुम्हीच सोडलंय की. हे काय, सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून."

"आम्ही विनंती केली नव्हती."

"अहो, सगळ्यांचं तेच असतं. लिहायची पद्धत आहे ती. थांबा, सही जुळवायला अर्ज काढावा लागेल."

त्यांनी फाइल काढली. पिवळी पडलेली, सुतळीने बांधलेली. दाखला मिळण्याचा छापील अर्ज. नाव, वर्ग, तुकडी. 'कारण' या शब्दापुढे दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या होत्या आणि त्या ओळींत दादांचं अक्षर होतं. सातवी शिकलेल्या माणसाचं. प्रत्येक अक्षर वेगळं उभं.

'मास्तरांनी माझ्या मुलीला आज्याच्या कामावरून वर्गात हसे केले. मला पटले नाही. म्हणून नेत आहे.'

खाली सही. सहीच्या खाली हिरव्या शाईत: 'पालकांच्या विनंतीवरून. दाखला द्यावा.' आणि सरांची सही.

म्हणजे सरांनी ते वाचलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी "नाही झेपत" म्हटलं होतं. आणि दादा ते लिहून झाल्यावर त्यांच्यासमोर उभे होते. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्याच सहीसाठी. दाखल्याशिवाय मला दुसरीकडे प्रवेश मिळणार नव्हता.

मला कुणीतरी पाणी दिलं. त्या बाईंनीच बहुतेक. त्यांनीही अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला.

"असं लिहायचं नसतं हो अर्जात," त्या हळू म्हणाल्या.

"याची प्रत मिळेल?"

"नाही देता येत."

"लेखी अर्ज करते."

"करा." मग खिडकीतून जरा पुढे वाकून म्हणाल्या, "पोच घ्या त्याची. शिक्क्यासहित."

बाहेर आवारात बाकावर मी किती वेळ बसले माहीत नाही. रडू आलं नाही. मी दादांच्या एका वाक्यावर त्यांना तोललं होतं. त्यांची तीन वाक्यं त्या फाइलमध्ये सुतळीखाली पडून होती. त्यांनी मला ती का सांगितली नाहीत? सांगितलं असतं तर मी लढले असते आणि माझं वर्ष गेलं असतं, असं त्यांना वाटलं असेल का? की त्यांना वाटलं, पोरीला कळलं असेल? हे आता कुणाला विचारणार?

मी नारायण पेठेत गेले. खुलाशाचा कागद टेबलावर होता, पेन त्यावर आडवं ठेवलेलं.

"मी आजारी नव्हते," मी म्हणाले.

"अहो, ते मला माहितीये."

"मग सही करणार नाही."

"हे बघा, खरं लिहिलंत तर त्यांना वाटेल तक्रारखोर आहे. तिथे कुणाला कळणार आहे ही आपल्याकडची भानगड?"

"कळेल असं लिहीन."

गुणपत्रकं नीट एकावर एक रचून त्यांनी माझ्याकडे सरकवली. "मग माझं काम नाही हे," म्हणाले.

मी एकटीने अर्ज भरला. तिन्ही कॉलेजं लिहिली. खुलाशात घडलं ते लिहिलं, सरांचं वाक्य, दादांची तीन वाक्यं. शब्दकोश घेऊन बसले, कारण 'घरची विद्या'मधला डंख दुसऱ्या भाषेत नेणं कठीण होतं. बारा दिवस लागले.

नकार आला. चार ओळींचा, सभ्य. अर्जदाराच्या शैक्षणिक नोंदीत सातत्य दिसत नाही.

कॉलेजला मी लेखी कळवलं आहे की माझ्या नोंदीतलं कारण खोटं आहे, ते बदला. उत्तर नाही. दर महिन्याला जाते. पोच घेते. शिक्क्यासहित. सर अजून शिकवतात. एकदा जिन्यात समोर आले, त्यांनी ओळखलं नाही. मी बाजूला झाले नाही.

पुढच्या वर्षीचा अर्ज समोर आहे. यापूर्वी कुठे शिकलात, असा रकाना आहे. कर्वेनगरचं कॉलेज मी सगळ्यात वर लिहिलं आहे, गैरहजर हा शब्दही. ते वर्ष मी पुसणार नाही आणि त्याबद्दल खेदही व्यक्त करणार नाही. मला डॉक्टर व्हायचं आहे, पण माझ्या बापाला खोटं पाडून नाही. मला आत घ्यायचं असेल तर हे वाचून घ्या. नाकारायचं असेल तरी हे वाचूनच नाकारावं लागेल. दर वर्षी.