टाकीतलं पाणी

"तुमच्यात हेच खातात ना? मग तुला कसला वास आला गं?"

मॅनेजर नाकाला रुमाल लावून बोलला. मी त्याच्या टेबलावर आईनं नाल्यातनं काढलेल्या, मेलेल्या शिंपल्यांची पिशवी ठेवली होती. आम्ही बौद्ध. तुमच्यात म्हणजे कुणात, ते केबिनमधल्या सगळ्यांना कळलं. दोघंतिघं हसले. मग तो म्हणाला, पिशवी उचल आन् टेबल फिनाईलनं पूस. सफाईला मीच होते. पुसलं.

कंपनी वाळूजची. मी बजाजनगरात खोली करून राहते. आमचं गाव कंपनीच्या नाल्याच्या खालच्या अंगाला. आई पोरवयापासून त्या नाल्यात शिंपल्या काढते. वाकून नाय, चिखलात पायानं चाचपून. काढलेली शिंपली बोटानं टोकरायची. जिती असली की झटकन मिटते. उघडीच राहिली की फेकायची. टेबल पुसलं त्याच्या आदल्या रविवारी एकबी मिटली नाय. आई म्हणली, उन्हानं झालं असंल. गोगलगायी पाणी सोडून दगडावर चढल्या होत्या. शेजारच्यांची म्हैस पाण्याला तोंड लावून मागं सरली. बगळा तर एक नाय. आन् वास. डोळ्यात घुसणारा, अमोनियाचा. मी तो रोज कंपनीत घेत होते, मला कोण फसवणार?

कंपनीत सांडपाणी साफ करायच्या प्लांटपाशी काचेची टाकी हाय, रंगीत माशांची. आमचं पाणी इतकं साफ की त्यात मासे जगतात, हे पाव्हण्यांना दाखवायला. ती टाकी दोन वर्षं रोज सकाळी मी भरली. बोअरच्या पाण्यानं. प्लांटच्या पाण्याचा थेंब त्यात जाऊ द्यायचा नाय, अशी ताकीद होती. पोटासाठी केलं, खरंय. पर केलं मीच, याची लई लाज वाटते.

टेबल पुसल्याला आठवडा झाला आन् तपासणीचा साहेब येणार म्हणून धावपळ उडाली. मला टाकी चकाचक करायला सांगितली. मी केली. बादली बोअरच्या नळापाशी नेली, थांबले, आन् प्लांटचं पाणी नाल्यात सोडणाऱ्या पाइपाखाली लावली. माशांनी माझं काय वाकडं केलं होतं? ते आजबी टोचतं.

साहेब आला तवा मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एक उलटा झाला. मग दुसरा. मॅनेजर माझ्यावर खेकसला, टाकीत काय कालवलंस म्हणून.

मी म्हणले, "काय नाय कालवलं. पाणी तुमचंच हाय."

साहेबानं कागदावर काय लिहिलं ते मला कुणी सांगितलं नाय. दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास काढून घेतला. नाल्याचा वास तसाच हाय. आई अजून पाण्यात उतरते, एखादी तरी मिटते का बघते. आता गावातली कुत्रीबी त्या काठाला जात नायत.

काल कंपनीचा माणूस खोलीवर आला. मासे मीच औषध घालून मारले असं लिहून दिलं, तर परत कामावर घेतील म्हणला.

लिहून देणार हाय. दोन वर्षं टाकी कुणाच्या सांगण्यावरून कोणत्या नळानं भरली, सगळं. खाली नाव, गाव, जात. कागद द्यायला म्हणून आत सोडतील, तवा तो आन् शिंपल्यांची पिशवी मॅनेजरच्या त्याच टेबलावर ठेवणार. या बारीला टेबल पुसणार नाय.