सरूबाईनं न सांगितलेलं औषध

तळेघरच्या सोमाजीचं घर माळकरी. मांसमच्छी वर्ज्य, आणि म्हशीचं दूध थेंबही न ठेवता डेअरीला. त्या घरात त्याच्या बायकोच्या, सरूबाईच्या, पायांना आधी मुंग्या येऊ लागल्या, मग भातखाचराच्या बांधावर तोल जाऊ लागला. जीभ लालभडक झाली, बोलताना शब्द सापडेनात. सोमाजीनं ठरवून टाकलं, बाहेरचं आहे. देवरुशानं मिरच्यांची धुरी दिली, वेतानं पाठ फोडली. सोमाजी तिचे हात दाबून धरून बसला होता. तरी गुण येईना, तेव्हा त्यानं तिला घोडेगावला भावाच्या दारात आणून सोडलं आणि दुसरी केली. ते साल ब्याण्णव.

घोडेगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त पुण्याला तपासायला धाडलं आणि लालचुटूक औषधाच्या सुया सुरू केल्या.

"ह्यो रंग कशाचा?" सरूबाईनं विचारलं.

"हे बी-बारा जीवनसत्त्व. याच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एकच अणू बसलेला असतो. हे झाडाला बनवता येत नाही, माणसालाही नाही. फक्त जंतूंना येतं. म्हशीच्या पोटातले जंतू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते बनवतात, म्हणून ते दुधात उतरतं. नाही मिळालं की नसांवरचं वेष्टण झिजतं. तू वेळेत आलीस."

म्हणजे भूत नव्हतंच. डोळ्याला न दिसणाऱ्या धातूपायी आपली पाठ फुटली, हे तिला पचेना. पाय सुधारले, ती भावाच्या चहाच्या टपरीवर उभी राहू लागली. राग मात्र निवला नाही.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात सोमाजी एसटीतून उतरला. पाय फाकवून, खाली बघत, भिंत धरून चालत होता. सरूबाईनं एका नजरेत आपलाच जुना आजार ओळखला. दवाखाना समोरच होता.

"पायाखालची भुई कळंना," बाकावर टेकत तो म्हणाला. "बाहेरचं हाय म्हणत्यात. जुन्नरकडं एक देवरुशी हाय, तिकडं निघालोय."

तिनं चहा पुढं केला. "जावा. धुरी चुकवू नका."

वर्षानं दुसरी बायको ठकूबाई त्याला जीपमधून दवाखान्यात घेऊन आली. तेच लाल औषध सुरू झालं. तोंडावर तजेला आला, पाय काही आले नाहीत. फार उशीर केलात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सरूबाई खाटेपाशी गेली. "टपरीवर बसला व्हता, तवाच मला कळलं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमाला चालता येऊ नये म्हून."

सोमाजीनं तोंड फिरवलं. सरूबाईला वाटलं होतं, आता तरी आपल्या आत काही हलेल. काही हललं नाही. दाराशी ठकूबाई थिजून उभी होती. सरूबाईनं तिचा हात धरला आणि तिला डॉक्टरीणबाईंपुढं बसवलं.

"हिचं बी रगत तपासा," ती म्हणाली.