निकोलस मास्तरांनी काढलेले दोष

ठाण्याच्या निकोलस मास्तरांना म्हातारपणी कोणी विचारलं, की मास्तर, तुमच्या हातून आयुष्यात मोठं असं काय झालं, तर ते चष्मा पुसत म्हणत, "मी माझ्या आईचं गाणं बंद पाडलं. पाच महिने. तेही खास शिकवणी लावून." ऐकणारा हसे. मग मास्तरही हसत, आणि हसता हसता मध्येच थांबत.

गोष्ट अठराशे सत्त्याऐंशी सालची. तेव्हा मास्तर पंचविशीत होते आणि पाद्र्यांच्या मराठी शाळेत दुय्यम मास्तर होते. हेडमास्तर व्हायचं तर सरकारी परीक्षा पास होणं भाग होतं, आणि त्या परीक्षेत मास्तर दोनदा आपटले होते. गणितात नाही, भूगोलात नाही, तर कवितेत. पहिल्या खेपेला एका विरहिणीचं वर्णन आलं होतं. नवरा परगावी, बाई चांदण्यात बसलीय आणि गार चांदण्याने तिचं अंग भाजतंय. खाली प्रश्न, 'या पद्याचे रसग्रहण करा.' मास्तरांनी लिहिलं, 'बाईस हिवताप आहे. खाडीकाठी आश्विनात असा ताप घरोघर असतो. क्विनाईन द्यावे व रात्री बाहेर बसू देऊ नये.' परीक्षकाने समासात काय लिहिलं ते मास्तरांना कधी कळलं नाही, पण अंदाज होता.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मास्तरांनी ठरवलं, की साहित्य शिकवणारा माणूस शोधायचा आणि त्याच्या पायाशी बसायचं. ठाण्यात त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली. नौपाड्यातल्या एका पेन्शनर गृहस्थांनी दारातच विचारलं, "किरिस्तावाला कविता कशाला हवी?" मास्तरांना उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं. शेवटी मिठाच्या कचेरीतल्या परशुराम कारकुनाने कल्याणच्या विसूशास्त्र्यांचं नाव सांगितलं. "शास्त्रीबुवा कुणालाही शिकवतात," तो म्हणाला, "फक्त ओसरीवर चढू देत नाहीत."

दर शनिवारी शाळा सुटली, की मास्तर आगगाडीने कल्याणला जात. शास्त्रीबुवा ओसरीवर पाटावर आणि मास्तर खाली सारवलेल्या अंगणात, बुटांची जोडी मांडीजवळ घेऊन, उन्हाला छत्री धरून. दक्षिणा म्हणजे वसईची खायची पानं. ती मास्तरांनी ओसरीच्या कडेला ठेवायची, शास्त्रीबुवांनी तांब्यातलं पाणी शिंपडून उचलायची. विडा जमला की शिकवण्याला रंग चढे. माणूस विद्वान होता यात शंका नाही. अलंकार, गुण, रस सगळं तोंडपाठ. पण त्यांचा खरा जीव होता दोषांवर. "आधी दोष शोधावा," ते म्हणत. "दोष सापडला नाही, तर काव्य निर्दोष आहे असं समजू नये, आपण वाचलंच नाही असं समजावं."

हे वाक्य मास्तरांना फार आवडलं. दोष काढायला कविता समजावी लागत नाही, हा त्यातला फायदा त्यांच्या लगेच ध्यानात आला. त्यांनी एक वही केली आणि दिसेल त्याचे दोष काढायला लागले. कोळणीच्या आरोळीत अतिशयोक्ती सापडली, कारण 'ताजी फडफडीत' म्हटलेली मासळी फडफडत नव्हती. पाद्रीबाबांच्या प्रवचनात रौद्ररस प्रमाणाबाहेर झाला होता. तो त्यांनी वहीत टिपला, बोलून दाखवला नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. त्या साली ते परीक्षा पास झाले. तेव्हा तर अंगावर मूठभर मांस चढलं, आणि घरात त्यांच्यासमोर कोणी साधं 'जेवायला ये' म्हणायला घाबरू लागलं.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांची लहान बहीण डॉरिस आणि आई सुझाना. वडील मागेच वारले होते. सुझानाबाय भाताची थोडी शेती बघे, पण गावोगाव तिची ओळख होती ती गाण्यासाठी. तिकडच्या किरिस्तावांत रीत अशी, की चर्चमध्ये लग्न लागून वरात मंडपात आली, की वराकडच्या बायका नवरीच्या माणसांची गाण्यातून टर उडवणार, आणि नवरीकडच्या बायकांनी तिथल्या तिथे गाणं रचून ती फेडायची. जिच्या घरची बाजू गप्प बसली, तिला सासरी वर्षभर ऐकून घ्यावं लागे. सुझानाबाय असली, की ती बाजू कधी गप्प बसत नसे. वसईपासून लोक तिला बैलगाडी पाठवून नेत. आणि लग्न नसेल तेव्हा ती रोज सकाळी भात कांडता कांडता गाई, मुसळ पडेल त्या तालावर, सुचेल ते.

त्या नोव्हेंबरात एका सकाळी ती अशीच गात होती. विहिरीला पाणी आलं, दारात कोंबडा आला, जावयाचं पोट लग्नातल्या घुमट-ढोलासारखं वाजतं, असं काहीतरी. मास्तर वही घेऊन उंबऱ्यात आले.

"आय, यात दोन दोष आहेत," ते म्हणाले. "विहीर, कोंबडा आणि जावई यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि पोटाचा उल्लेख हे ग्राम्यत्व झालं."

सुझानाबायने मुसळ थांबवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिला लेकाचा अभिमान होता. तिने पदराने घाम पुसला आणि मनापासून विचारलं, "मंग कसं म्हनू?"

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मास्तरांनी दोन दिवस खपून ते गाणं दुरुस्त केलं. विहिरीची वापी झाली, कोंबडा काढून टाकला, जावयाचा जामात झाला आणि त्याचं पोट गाळून तिथे 'मुखचंद्र' घातला. आईने ते चार वेळा त्यांच्याकडून वाचून घेतलं. मग मुसळ उचललं आणि म्हणून बघितलं. एक ओळ म्हटली, अडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा अडली. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलंच नाही, नुसती कांडत राहिली.

"मना नाय जमत रे," ती म्हणाली. "मी अडानी बाय. इतकी वरसं चुकीचं गात होते, कोनी सांगितलं नाय."

त्या दिवसापासून ती गायची थांबली. रुसवा नाही, अबोला नाही. बोले, हसे, मास्तरांच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढी. फक्त गाणं नाही. नाताळात दोन लग्नांची बोलावणी आली, तिने परत पाठवली. "मना येत नाय गायला. आमचे मास्तरला इचारा," असं ती बैलगाडीवाल्यांना सांगे, आणि तेही थट्टेने नाही. मास्तर आत बसून ऐकत आणि वही चाळल्यासारखं करत.

ईस्टरनंतर डॉरिसचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा भाईंदरकडचा, आणि त्याची आत्या म्हणजे फेलिशियाबाय. तिची जीभ एवढी तिखट, की तिच्या गाण्यानंतर एका गावचा पाटील महिनाभर बाजाराला आला नव्हता म्हणतात. डॉरिसने भावाला परसात गाठलं.

"आय गायली नाय तं त्या बायका मना मंडपातच गिळतील," ती म्हणाली. "तू तिला गप केलंस, तूच बोलती कर."

मास्तर हादरले. त्यांनी आईची माफी मागितली. तुझ्या गाण्यात दोष नव्हते, माझंच चुकलं, असं सांगितलं. आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू चांगला हायस, म्हनून असा बोलतोस," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली. मास्तरांनी पुढच्या शनिवारी कल्याण गाठलं आणि अंगणात बसून शास्त्रीबुवांना विचारलं, की एकदा काढलेला दोष परत कसा घ्यावा. शास्त्रीबुवांनी विडा गालात सरकवला आणि म्हणाले, "असा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही. शास्त्रात तशी सोय नाही." त्यानंतर मास्तर कल्याणला गेले नाहीत.

लग्नाचा दिवस उजाडला. चर्च आटोपून दुपारी सगळे मंडपात आले. घुमट वाजायला लागला. नवरीकडच्या बायका सुझानाबायभोवती बसल्या होत्या आणि ती त्यांच्यामध्ये मांडीवर हात ठेवून, खाली बघत. समोर फेलिशियाबाय उठली. तिने एकदा मंडपभर नजर फिरवली आणि ती नेमकी मास्तरांच्या बुटांवर येऊन थांबली.

"मास्तर गेला कल्यानाला, बामनाचे अंगनात,
शिकला शिकला काय शिकला, बसला शेनात!
छत्री मोठी, बूट मोठा, अक्कल लहान,
घरची आय मुकी केली, असा हा विद्वान!"

मंडप खदखदून हसला. नवऱ्याकडच्या बायकांनी शेवटची ओळ उचलून धरली आणि पुन्हा पुन्हा म्हटली. डॉरिसचा चेहरा पडला. नवरीकडून उत्तर यायला हवं होतं. सगळे सुझानाबायकडे बघत होते, आणि ती हलली नाही.

अशा वेळी निकोलस मास्तर उभे राहिले. पुढे लोक म्हणत, की मास्तर मोठे हुशार, आईला चेव यावा म्हणून त्यांनी मुद्दाम केलं. मास्तर हे कधी मान्य करत नसत. "मुद्दाम कसलं? सवयीने तोंड उघडलं," ते म्हणत. त्यांनी कोट खाली ओढला, वर्गात शिकवताना काढतात तो आवाज काढला आणि म्हणाले, "आताच्या पद्याचा विचार केला, तर ही व्याजस्तुती म्हणता येणार नाही. व्याजस्तुतीत वरून निंदा आणि आतून स्तुती असते. इथे वरूनही निंदा आहे आणि आतूनही निंदाच आहे. चौथा चरण मात्र वस्तुस्थितीला धरून..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. माणसं पोट धरून बाकांवरून घसरली. घुमटवाल्याच्या हातातून घुमट निसटता निसटता राहिला. फेलिशियाबाय तर डोळे पुसत, "अरे बोल, बोल, अजून बोल!" असं ओरडत होती. मास्तर मंडपाच्या मधोमध उभे होते, कान लाल झालेले, बसावं की पळावं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात सुझानाबाय उठली. कोणाकडे न बघता तिने पदर खोचला.

"येडा तं येडा बाई, माझे घरचा हाय,
त्याला येडा म्हननारी तू कोन गं माय?"

नवरीकडच्या बायकांनी असा गिल्ला केला, की बाहेर बांधलेले बैल उठून उभे राहिले. पाच महिन्यांचं साठलेलं तिने एका दमात बाहेर काढलं. फेलिशियाबायच्या नाकापासून सुरुवात केली, नवऱ्याच्या मामाच्या मिशीवर आली, भाईंदरच्या मिठागरात फिरून पुन्हा मंडपात आली. मग मास्तरांकडे वळली आणि फेलिशियाने काढले नव्हते ते सगळे वाभाडे तिने स्वतः काढले. तो जन्मला ती रात्र, तो नापास झाला ते दोन उन्हाळे, दर शनिवारी तो परत येईपर्यंत चुलीपाशी बसलेली आई, सगळं त्यात होतं. लोक हसत होते, आणि मास्तरही हसत होते. डोळ्यांतून पाणी का येतंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि ते पुसायची लाजही वाटत नव्हती. शेवटी फेलिशियाबायने स्वतः उठून सुझानाबायला मिठी मारली.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मास्तर वही आणि पेन्सिल घेऊन आईपाशी बसले. पहिल्या दोन ओळी त्यांनी लिहिल्या होत्या. त्यापुढचं हसण्याच्या गोंधळात निसटलं होतं.

"आय, पुढचं परत म्हन," ते म्हणाले. कल्याणला जायला लागल्यापासून ते घरात असं घरच्या बोलीत बोलले नव्हते. "मी लिवायला बसलोय. दोष काढायला नाय."

सुझानाबायने आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलवले, बोटांनी मांडीवर ताल धरून बघितला आणि मान हलवली.

"नाय रे येत आता," ती म्हणाली. "तवा आलं, तवा गेलं. माझी सगली गानी अशीच. एकदा म्हनली, का सपली."

मास्तर वही उघडी ठेवून तसेच बसून राहिले. ती रोज नवीन गात होती, हे त्यांना त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकाच घरात राहून त्यांना वाटत होतं, की आईची गाणी दहा-पंधरा आहेत आणि ती तीच घोळवते. त्यांनी मनाशी दिवस मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. नोव्हेंबरापासून ईस्टरपर्यंत त्या घरात रोज सकाळी भात नुसताच कांडला गेला होता.