आमच्या मामांची वाचा

समोरच्याला वाक्य पुरं करू देणं म्हणजे वेळेची नासाडी, असं ठाम मानणारा आमच्या मामांसारखा माणूस सबंध वऱ्हाडात दुसरा नसेल. अकोल्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं. पोरानं तोंड उघडलं की उत्तर मामाच देऊन टाकायचे आणि वर त्यालाच शाबासकी द्यायचे. माझ्या बहिणीच्या सोयरिकीत मुलाकडचे म्हणाले, "आमची अपेक्षा एवढीच की..." मामा लगेच, "पोरगीले सैपाक आला पाह्यजे. येते. पुढं बोला." बिचाऱ्यांना तिची नोकरी चालू राहावी, एवढंच म्हणायचं होतं. मामांचा अंदाज बहुतेक चुके, उत्साह मात्र कधी आटला नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं गेलं. उरलं फक्त "हो ना." भाजीवाल्यानं "कोहळं देऊ काय?" विचारलं, तरी "हो ना." आठवडाभर घरात कोहळंच. आम्ही हसायचो आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

अमरावतीला वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे मी मामा-मामींना घेऊन गेलो. "कधी बोलतील?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मेंदूला इजा मोठी आहे, पण त्यांना समजतं बरंच. सुधारतील. किती, ते आज सांगितलं तर खोटं ठरेल. तुम्ही एवढंच करा, त्यांचे शब्द तुम्ही बोलू नका. थांबा."

"बाई, यायनं चाळीस वर्सांत मले एक वाक्य पुरं करू देल्लं नाई," मामी म्हणाली. बोलता बोलता तिचे डोळे भरले.

बाईंनी मामीकडे बोट दाखवून मामांना विचारलं, "यांचं नाव काय?" "हो ना," मामा म्हणाले. बाई कागदावर लिहू लागल्या तशी मामी म्हणाली, "ते चूक धरू नका. मह्यं नाव यायनं चांगले असतानीबी कधी घेतलं नाई." बाईंनी लिहिलेलं खोडलं.

थांबणं सगळ्यांत जड गेलं ते मला. शेवटी भाचा त्यांचाच. ते "प... प..." करायचे आणि मी पाणी, पेपर, पंखा, सगळं पुढे करायचो. ते वैतागून मान फिरवायचे. मला माझीच लाज वाटायची.

मागच्या रविवारी मामी अंगणात कपडे वाळत घालत होती. मामा दारात खुर्चीवर बसून बराच वेळ नुसते ओठ हलवत होते. मग त्यांच्या तोंडून निघालं, "अवं..."

"आली," मामी सवयीनं म्हणाली आणि ओला टॉवेल घेऊन दोन पावलं आली. मग तिला उमगलं, आपल्याला हाक आली. ती जागीच थबकली. मामांना पुढचं सापडत नव्हतं. माझ्या जिभेवर "चहा" आलाच होता. मामीनं माझ्याकडे न बघता हात वर केला.

"बोला तुमी," ती त्यांना म्हणाली, "मले काई घाई नाई."

पुढचा शब्द त्या दिवशी काही आला नाही. अकोल्याचं ऊन ते. टॉवेल मामीच्या हातातच वाळला.