सुतकातले दहा दिवस

बारा वर्षांपूर्वी मीनाक्षीबाईंनी, म्हणजे गल्लीच्या अक्कांनी, न्हाणीच्या खिडकीतून शेजारच्या भावांचं भांडण ऐकलं होतं. कान लावला नव्हता. खिडकीच तशी होती. सेतूराव धाकट्या हनुमंतरावांना म्हणाले, "मी मेलो तरी तू मठातल्या पळ्याच मोजत बसशील." त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

हनुमंतराव मेलकावेरीच्या विठ्ठलमठाचा कारभार बघायचे. द्वादशीच्या जेवणाचे पैसे सगळे त्यांच्याच खात्यात टाकायचे. वेगळं खातं काढा, असं कुणी म्हटलं नाही. हनुमंतराव असताना कशाला?

मग बारा वर्षांच्या अबोल्यातच सेतूराव गेले. हनुमंतरावांनी मठाकडे पाऊल टाकलं नाही; दहा दिवस कडक पाळायचे ठरवले. दुसऱ्याच दिवशी फोनवर संदेश आला: त्याच खात्याच्या कार्डावरून कुठल्याशा परक्या दुकानात एक्केचाळीस हजार गेले. कार्ड तर पेटीत होतं. भिंतीपलीकडून त्यांनी विचारलं, "अक्का, सुतकात बँकेला फोन केला तर चालतं?"

विटाळ-सुतकात गल्ली अक्कांनाच विचारायची. त्यांनी तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं, "दहा दिवस सरू देत, बाबा. बँक कुठं जाते?"

बाराव्या दिवशी त्याही बरोबर गेल्या. बँकेतली नंदिता म्हणाली, तीन दिवसांत कळवायचं असतं, म्हणजे पैसे परत मिळतात. मग तिनंच आवाज खाली करून पळवाट सुचवली. "संदेश कालच पाहिलात ना? फोन बंद असेल."

"चालू होता. त्याच दिवशी पाहिला."

"मग थांबलात कशाला?"

"सुतक होतं," हनुमंतराव म्हणाले. अक्कांचं नाव घेतलं नाही. अर्जात सुतकाला रकाना नव्हता. दोन महिन्यांनी बँकेचं पत्र आलं: उशीर तुमचा, नुकसान तुमचं.

सासूच्या सुतकात आपणच गॅसवाल्याला फोन केला होता, हे अक्कांना त्या दिवशी बँकेतून परततानाच बसमध्ये आठवलं होतं. तेव्हा विटाळ झाला नव्हता. सिलिंडर मात्र आला होता.

हनुमंतरावांनी मठात सगळं उभं राहून सांगितलं आणि चार वर्षं पेन्शनीतून भरपाई केली. एकही द्वादशी चुकू दिली नाही. अक्का रोज मनाशी म्हणायच्या, आज चूक कबूल करते. रोज काहीतरी दुसरंच बोलणं व्हायचं.

माघातल्या द्वादशीच्या आदल्या सकाळी ते बाजारातून केळीची पानं घेऊन आले. ती त्यांची मरणाआधीची शेवटची खेप, हे तेव्हा कुणाला ठाऊक. अक्कांनी तोंड उघडलं, तोच त्यांनी पाणी मागितलं. पानांवर शिंपडलं, फाटकी दोन बाजूला काढली, बाकीच्यांवर ओलं फडकं घातलं आणि मठाची किल्ली घेऊन निघाले.